विखुरलेले चिन्ह आणि मोजलेले चिन्ह
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



लुगड्याच्या अंगावरील बुटी पाहताना ग्राहक तिचा रंग पाहतो, जर पाहतो, ती दाट आहे की विरळ आहे हे पाहतो. पण संपूर्ण वस्त्रावर एकंदर किती बुट्या आहेत हे बहुधा कोणी मोजीत नाही. याउलट देव्हाऱ्यातील अष्टमंगलाच्या पाटीवर सात आकृती असतील तर घरातील लहान मूलही एक कमी असल्याचे सांगेल. एक चिन्ह मोजण्यासाठी असते, दुसरे पसरण्यासाठी असते. शोभेच्या कलेतील हा भेद दिसावयास लहान आहे. परंतु कोणते चिन्ह विखुरावे आणि कोणते मोजून एका जागी ठेवावे, या प्रश्नाने मोठमोठ्या राजवंशांनाही विचार करावयास लावले आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हाच होय.

युरोपात बाराव्या शतकात कुलचिन्हांची पद्धत रूढ झाली. शिरस्त्राणाने चेहरा झाकलेला योद्धा रणांगणात ओळखू यावा म्हणून ढालीवर खूण रंगविली जाऊ लागली. तीच खूण चिलखतावरील अंगरख्यावर, घोड्याच्या झुलीवर आणि पुढे मोहरेवर आली. या चिन्हांचे वर्णन करण्याची एक काटेकोर भाषा तयार झाली. त्या भाषेत ‘सेमे’ असा एक फ्रेंच शब्द आहे. त्याचा अर्थ ‘पेरलेले’. ढालीच्या संपूर्ण पृष्ठभागावर एकच लहान आकृती अनेक वेळा, संख्या न सांगता पसरलेली असेल, तर ती ढाल त्या आकृतीने पेरलेली आहे असे म्हणतात. सिंह एक, गरुड दोन, तारे तीन असे जेथे मोजून सांगितले जाते, त्याच शास्त्रात या एका शब्दाने मोजणी बाजूला ठेवली आहे.

शेतकऱ्यांच्या भाषेत पेरणीचे दोन प्रकार आहेत. एक मुठीने बी फोकून पेरण्याचा, दुसरा पाभरीने ओळीत पेरण्याचा. ढालीवरील किंवा वस्त्रावरील पेरणी पहिल्या प्रकारची भासते. प्रत्यक्षात ती दुसऱ्या प्रकारची असते. आकृती जर उभ्या-आडव्या सरळ रेषेत एकाखाली एक मांडल्या तर डोळ्याला आकृती दिसण्याऐवजी पट्टे दिसू लागतात. म्हणून कारागीर दुसरी ओळ पहिल्या ओळीच्या मोकळ्या जागांखाली सरकवितो, जशी गवंडी विटांच्या थरात सांध्यावर सांधा येऊ देत नाही. त्यामुळे नजर कोठेही अडत नाही आणि सर्व पृष्ठभाग सारखाच भरलेला वाटतो. सहज विखुरल्याचा जो भास होतो, त्यामागे असे मोजमाप असते. ठशाने छपाई करणारा छिपा हेच गणित हाताने सांभाळतो. लाकडी ठशाची एक बाजू किंचित कलली तर पहिल्या चार बुट्यांत ते लक्षात येत नाही. वस्त्राच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत मात्र संपूर्ण ओळ तिरपी झालेली असते.

या पेरलेल्या चिन्हाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फ्रान्सच्या राजांची निळ्या भूमीवरील सोनेरी लिलीची फुले. या आकृतीला ‘फ्लर द ली’ असे नाव आहे. पुढे आठवा लुई म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्राच्या १२११ सालच्या मोहरेवरील ढालीत ही फुले पसरलेली दिसतात. संख्या निश्चित नव्हती. मोठ्या ढालीवर अधिक फुले बसत, लहान मोहरेवर थोडी. राजाचे राज्याभिषेकाचे प्रावरणही निळ्या वस्त्राचे आणि याच फुलांनी भरलेले असे. पॅरिस येथील सेंट शापेल हे राजप्रार्थनागृह १२४८ साली अर्पण झाले. त्याच्या खालच्या दालनातील निळ्या स्तंभांवर सोनेरी लिली आहेत, आणि तांबड्या स्तंभांवर सोनेरी किल्ले आहेत. ते किल्ले नवव्या लुई राजाची माता ब्लांश हिच्या माहेरच्या, म्हणजे स्पेनमधील कॅस्टील राज्याच्या चिन्हाचे. आज दिसणारे रंगकाम बव्हंशी एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धाराचे आहे. तरीही पितृकुल आणि मातृकुल यांच्या खुणा एकाच वास्तूत आळीपाळीने पेरण्याची कल्पना तेथे स्पष्ट दिसते.

या लिलींच्या ढालीत एक गोष्ट वस्त्रव्यवसायाशी संबंध असलेल्या माणसाच्या लगेच ध्यानात येते. ढालीच्या कडेला आलेली फुले पूर्ण नसतात. कोणाची एक पाकळी कापलेली असते, कोणाचा देठ, तर कोठे अर्धेच फूल दिसते. ही चित्रकाराची चूक नाही; ‘सेमे’ पद्धतीची ती ओळखच आहे. ताग्यातून हव्या त्या आकाराचा तुकडा कातरला म्हणजे कडेच्या बुट्या जशा कापल्या जातात, तशी ती ढाल दिसते. जणू निळे वस्त्र ढालीच्या बाहेरही पसरलेले आहे आणि ढाल हा त्याचा एक तुकडा आहे. अर्ध्या फुलातून हेच सूचित होते की, नक्षी येथे संपत नाही.

भारतीय लुगड्याचा न्याय याहून वेगळा आहे. लुगडे, शालू किंवा पैठणी मागावरच पूर्ण होते. ती कातरून शिवावयाची वस्तू नव्हे. अंगावरील बुट्यांना काठाची मर्यादा असते, पदराची मर्यादा असते. चांगला विणकर काठाजवळ अर्धी बुटी येऊ देत नाही. तो आधीच अंतर मोजून शेवटची बुटी पूर्ण बसवितो. पेरलेली ढाल अमर्यादाचा भास निर्माण करते, तर विणलेले लुगडे मर्यादेत पूर्णता साधते. दोन्हीकडे आकृती लहान, पुनरावृत्ती तीच. परंतु कडेशी दोन संस्कृतींनी दोन भिन्न उत्तरे दिली.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. ज्या चिन्हाला कापले जाणे सोसते, तेच विखुरता येते. फ्रान्सच्या लिलीचे पुढे काय झाले हे या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १३७६ च्या सुमारास पाचव्या चार्ल्स राजाने ढालीवरील असंख्य फुलांच्या जागी तीन फुले निश्चित केली. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या ख्रिस्ती त्रयीच्या सन्मानार्थ ही संख्या घेतल्याचे सांगितले जाते. फुलाला धार्मिक अर्थ जोडला गेला, तशी संख्या आली. संख्या आली, तसे प्रत्येक फूल ढालीच्या आत पूर्ण आणि कडेपासून दूर काढले जाऊ लागले. कुलचिन्हशास्त्रात पहिल्या प्रकाराला प्राचीन फ्रान्स आणि दुसऱ्याला अर्वाचीन फ्रान्स अशी नावे आहेत. प्रावरणांवर आणि भिंतींवर मात्र फुले पूर्ववत पसरत राहिली. म्हणजे शोभेसाठी विखुरणे आणि ओळखीसाठी मोजणे, अशी विभागणी झाली.

इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगून १३४० साली आपल्या ढालीच्या चारपैकी दोन भागांत पेरलेल्या लिली घेतल्या होत्या. फ्रान्सने तीन फुले केल्यावर पंधराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीनेही ती तीन केली. ही फुले ब्रिटिश राजचिन्हातून १८०१ साली गेली. ज्या राज्यावर सत्ता उरली नव्हती, त्याची फुले ढालीवर शतकानुशतके राहिली. जमाखर्च पाहणाऱ्यांना यात वसूल न होणाऱ्या येण्याची खात्यावर वर्षानुवर्षे ओढलेली बाकी दिसेल.

डेन्मार्कच्या राजचिन्हाची कथाही अशीच आहे. त्यात तीन सिंह आहेत आणि भोवती लहान हृदयाकृती आहेत. बाराव्या शतकाच्या अखेरच्या मोहरेवर त्या आढळतात, आणि मुळात त्या पाणवनस्पतीची पाने होत्या असे मानले जाते. त्यांची संख्या पूर्वी कमी-अधिक होत असे. १८१९ साली ती नऊ अशी कायम झाली. नेदरलंडच्या ढालीवर मात्र सिंहाभोवतीचे सोनेरी आयत अद्यापही पेरलेल्या प्रकारातच गणले जातात.

व्यापारी मंडळींना जवळचे वाटेल असे आणखी एक चिन्ह म्हणजे ‘बेझंट’. बायझंटियम येथील सोन्याच्या नाण्यावरून हे नाव पडले. ढालीवर सोन्याचे सपाट वर्तुळ काढले की ते बेझंट. इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या काळ्या ढालीवर अशी पंधरा वर्तुळे मोजून काढलेली असतात. बनारसच्या विणकरांकडे याची सख्खी बहीण शोभावी अशी अशर्फी बुटी आहे: जरीचे गोल नाणे, संपूर्ण शालूवर विखुरलेले. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या दोन प्रदेशांतील कारागिरांनी संपत्तीची खूण म्हणून सोन्याचे नाणेच निवडले. एकाने ते मोजले, दुसऱ्याने उधळले.

पेरलेल्या नक्षीचा एक प्रकार असा आहे की, त्याकडे अहिंसेच्या उपासकांनी विशेष लक्ष द्यावे. त्याचे नाव अर्मिन. पांढऱ्या पृष्ठभागावर सारख्या अंतराने काळे ठिपके, असे त्याचे रूप. प्रथमदर्शनी ती एखादी नाजूक छपाई वाटते. वस्तुतः थंड प्रदेशात स्टोट नावाचा, मुंगसाहूनही लहान असा प्राणी आहे. हिवाळ्यात त्याची लव शुभ्र होते, फक्त शेपटीचे टोक काळे राहते. अनेक प्राण्यांची पांढरी कातडी जोडून, त्यावर त्यांच्या शेपट्यांची काळी टोके सारख्या अंतरावर टाचून राजेरजवाड्यांच्या प्रावरणांचे अस्तर तयार होई. प्रत्येक काळा ठिपका म्हणजे एका जीवाच्या शेपटीचे टोक. ज्या नक्षीत ठिपके मोजावयाचे नसतात असे शास्त्र सांगते, तीच नक्षी मोजली तर हत्येचा हिशेब हाती येतो. चौदाव्या लुईचे इयासिंत रिगो याने १७०१ साली रंगविलेले भव्य चित्र पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. त्यातील प्रावरण बाहेरून निळे, सोनेरी लिलींनी भरलेले आहे. आतून पांढरे, काळ्या ठिपक्यांचे आहे. बाहेरची बाजू रेशमाची आणि जरीची, आतली बाजू प्राण्यांच्या कातड्याची. राजा ज्या डौलाने ते प्रावरण मागे टाकून अस्तर दाखवितो, त्यावरून त्या काळी प्रतिष्ठा कशात मानली जाई ते कळते.

ढालीवर हेच अर्मिन केवळ रंगाने काढले जाई. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांताच्या ड्यूकने १३१६ साली दुसरे कोणतेही चिन्ह न ठेवता केवळ अर्मिनची ढाल स्वीकारली. रंगविलेल्या ठिपक्याने कोणाचा जीव जात नाही, हे खरे. तथापि जी वस्तू प्रथम हिंसेतून आली ती पुढे निव्वळ नक्षी म्हणून रूढ झाली की, तिचा उगम पाहणाऱ्याच्या मनातून पुसला जातो. पुनरावृत्तीचा हा मोठा धोका आहे. एकदा पाहिलेली गोष्ट मनाला प्रश्न विचारते. शंभरदा पाहिलेली गोष्ट केवळ पार्श्वभूमी होते.

फ्रान्समध्ये १७९० साली वंशपरंपरागत सरदारकी आणि कुलचिन्हे रद्द झाली. राजेशाही कोसळल्यावर भिंतींवरील, दरवाजांवरील लिली छिन्नीने खरवडून काढल्या गेल्या. जे चिन्ह सर्वत्र पसरलेले होते, त्याला सर्वत्र घाव सोसावे लागले. पुढे नेपोलियनने २ डिसेंबर १८०४ रोजी स्वतःचा राज्याभिषेक करविला, तेव्हा पदच्युत घराण्याचे फूल त्याला चालणार नव्हते. त्याने मधमाशी निवडली. तुर्ने येथे १६५३ साली शिल्डेरिक या पाचव्या शतकातील राजाचे थडगे सापडले होते. त्यात पंख असलेल्या सुमारे तीनशे सुवर्णकीटकांच्या आकृती होत्या. त्या मधमाश्या समजल्या गेल्या, आणि त्याच नेपोलियनच्या मखमली प्रावरणावर जरीने पेरल्या गेल्या. मूळ सुवर्णकीटकांपैकी बहुतेक १८३१ च्या चोरीत नाहीसे झाले. आज केवळ दोन शिल्लक आहेत. राजवंश बदलला, फुलाच्या जागी कीटक आला. परंतु निरनिराळ्या राजवटींना सत्तेच्या प्रदर्शनासाठी पुनरावृत्तीचीच वाट धरावी लागली.

भारताकडे वळल्यावर चित्र पालटते. येथील राजवंशांनीही लांछने धारण केली. पण ओळखीचे चिन्ह बहुधा एकदाच काढले. देवगिरीचे यादव आणि कोल्हापूरचे शिलाहार यांच्या ताम्रपटांच्या मुद्रेवर गरुड असतो, आणि तो एकच असतो. तीर्थंकरांच्या लांछनांबाबतही तोच न्याय आहे. भगवान ऋषभनाथांचा वृषभ, भगवान नेमिनाथांचा शंख, भगवान महावीरांचा सिंह हे आसनाच्या मध्यभागी एकदा कोरले की ओळख पूर्ण होते. मूर्ती ध्यानस्थ, निराभरण आणि मुद्रेने एकमेकींसारखी असल्यामुळे त्या एका लहान आकृतीवर संपूर्ण ओळख अवलंबून असते. ती भोवतालच्या नक्षीसारखी पसरली असती तर तिच्याकडे कोणाची नजर गेली नसती.

याचा अर्थ असा नव्हे की भारतीय किंवा जैन कलेला विखुरलेल्या नक्षीचे वावडे आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकातील पश्चिम भारतातील कल्पसूत्राच्या हस्तलिखितांत स्त्री-पुरुषांच्या वस्त्रांवर हंस, फुले आणि वर्तुळे यांची विपुल पेरणी आहे. इजिप्तमध्ये जुन्या कैरोजवळील फुस्तात येथे गुजरातमध्ये छापलेल्या सुती कापडाचे तुकडे मोठ्या संख्येने सापडले. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात न्यूबेरी संग्रहातील असे सुमारे १२०० तुकडे आहेत, आणि त्यांपैकी काही सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचे ठरले आहेत. या तुकड्यांवरील हंस आणि हस्तलिखितांतील वस्त्रांवरील हंस यांचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. चित्रकाराने कल्पनेतले वस्त्र काढले नव्हते. बाजारात विकले जाणारे, जहाजाने परदेशी जाणारे वस्त्र त्याने पोथीत उतरविले होते. मात्र त्याच पानांवर जिनप्रतिमा असेल तेथे ती चौकटीत, पूर्ण आणि एकटी असते. त्रिशला मातेची स्वप्नेही मोजलेली आहेत: श्वेतांबर परंपरेत चौदा, दिगंबर परंपरेत सोळा. हंस वस्त्रावर विखुरले, स्वप्ने मोजली, प्रतिमा मध्यभागी ठेवली. असा तीन पायऱ्यांचा विवेक त्या अनाम चित्रकारांनी एका हातभर पानावर पाळला.

विखुरलेली भारतीय बुटी पुढे युरोपातही गेली. तेथे भारतीय छापील कापडाची, म्हणजे आपल्या चिटाची, इतकी ओढ लागली की स्वदेशी रेशीम आणि लोकर यांच्या रक्षणासाठी फ्रान्सने १६८६ साली त्यावर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडनेही १७०० आणि १७२१ साली तशा स्वरूपाचे कायदे केले. फ्रान्समधील बंदी उठताच १७६० साली ओबरकाम्फ याने झुई येथे छपाईचा कारखाना काढला. राजाच्या लिलीला जे कधी जमले नव्हते, ते या अनामिक बुटीने केले. ती सामान्य माणसाच्या अंगावर गेली.

या बुटीमागील श्रमाचे स्वरूपही जाणून घेण्यासारखे आहे. बनारसच्या कढुआ विणकामात प्रत्येक बुटी स्वतंत्र धाग्याने, जागच्या जागी भरली जाते. फेकुआ पद्धतीत नक्षीचा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फेकला जातो आणि बुट्यांमधील मोकळे धागे मागून कापून टाकतात. पुढून दोन्ही वस्त्रे सारखी दिसू शकतात. वस्त्र उलटून पाहिले की भेद कळतो. पैठणीत रंगीत नक्षीसाठी वेगवेगळ्या रंगांच्या कांड्या चालतात आणि उलटी बाजूही जवळजवळ सुलटीइतकीच नेटकी असते. शंभरावी बुटी कोणी निरखून पाहणार नाही हे ठाऊक असूनही विणकर ती पहिलीइतक्याच निष्ठेने भरतो. गणनेत न येणाऱ्या कामातील ही निष्ठा संस्थांच्या जीवनातही महत्त्वाची असते. सतरंज्या अंथरणारे, पाणी भरणारे, हिशेबाची पाने जुळविणारे हात संस्थेच्या पायाशी बुटीसारखेच विखुरलेले असतात. त्यांची नावे कोनशिलेवर येत नाहीत. त्यांच्यावाचून वस्त्र मात्र भरत नाही.

आता शेवटचा आणि आजच्या व्यवहारातील मुद्दा. संगणकावर एक आकृती काढून ती क्षणार्धात हजार वेळा छापण्याची सोय आता झाली आहे. पूर्वी पुनरावृत्तीला श्रमाचा लगाम होता, तो सुटला. परिणामी तीर्थंकरांच्या प्रतिमा, णमोकार मंत्राची अक्षरे आणि मंगलचिन्हे निमंत्रणपत्रिकांवर, पिशव्यांवर, मिठाईच्या खोक्यांवर आणि वेष्टणाच्या कागदांवर छापलेली आढळतात. हेतू भक्तीचाच असतो. परंतु कार्य आटोपल्यावर तो कागद फाटतो, खोके रस्त्यावर पडते, पिशवी पायदळी येते. आशातना टाळावी असे सांगणाऱ्या परंपरेत, उत्साहाच्या भरात आशातनेचीच सोय करून ठेवली जाते. पेरलेली नक्षी कडेला कापली जाणारच, हा तिचा धर्म आहे. तो बदलता येत नाही. म्हणून जे कापले जाणे मनाला सोसवणार नाही, ते पेरू नये. पत्रिकेला शोभा हवी असेल तर वेल आहे, कमळ आहे, हंस आहे, साधा ठिपकाही आहे. पूजनीय ते एकदा, पूर्ण आणि योग्य स्थानी असावे.

अष्टप्रातिहार्यांचे वर्णन सर्वांना परिचित आहे. अशोकवृक्ष, सिंहासन, छत्रत्रय, चामर, भामंडल, दुंदुभी, दिव्यध्वनी आणि पुष्पवृष्टी. ही प्रातिहार्ये आठ, म्हणजे मोजलेली. परंतु त्यांतील पुष्पवृष्टीची फुले मात्र कोणी मोजीत नाही. समवसरणात विखुरली जातात ती फुले. ज्यांच्यासाठी ती विखुरली जातात ते भगवान मध्यभागी स्थिर असतात. काय उधळावे आणि काय जपावे याचे उत्तर त्या एका रचनेत स्पष्ट आहे.

जय जिनेंद्र.